आपांचा पाक

आमच्या आपांनी उभ्या आयुष्यात जेवढी नाकं वापरली, तेवढी साऱ्या मराठवाड्यात दुसऱ्या कुणी वापरली नसतील. ती सगळी दुसऱ्यांची होती. वर्गातल्या मुली, शिपाई, भाजीवाली, बाहेरगावाहून आलेले परीक्षक, कुणाच्याही नाकाखाली त्या काहीतरी धरत आणि विचारत, "कसा वास येतो?" समोरचा माणूस 'छान' म्हणाला की त्यांचा चेहरा उतरायचा. छान हा वास नाही, असं त्या ठणकावून सांगत. मग उलटतपासणी सुरू होई. गोडसर आहे की हिरवट, ओल्या मातीचा आहे की ओल्या लाकडाचा, आधी येतो की मागून येतो, नाकातच बसतो की घशात उतरतो? एकदा रजेचा अर्ज घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलेल्या आपांनी पर्समधून तुळशीची काडी काढून त्यांच्यापुढे धरली. प्राचार्यांनी बराच विचार करून 'लवंगेकडे झुकतोय' असं मत दिलं आणि आपा खूश होऊन बाहेर आल्या. अर्जावर सही घ्यायची राहिलीच. स्टाफरूममध्ये ही गोष्ट अजून चघळली जाते.

आपा म्हणजे आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या मॅडम. विद्यार्थिनींपासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना आपाच, म्हणजे ताईच, म्हणत. मी त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. आमच्या दोन विभागांमध्ये एक जिना आहे आणि एक जुनं वैर आहे. आम्ही झाडं ओळखतो आणि ती मंडळी झाडं उकळतात. आम्ही एखादं रोप जपून आणावं, त्याच्या कुळाचा पत्ता लावावा, आणि वरच्या मजल्यावरच्यांनी त्याची भुकटी करून बाटलीत बुडवावी, असा आमचा अनेक वर्षांचा संसार. आपा पहिल्यांदा जिना उतरून माझ्याकडे आल्या तेव्हा मी निर्गुडीची फांदी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, असं त्या पुढे सगळ्यांना रंगवून सांगत. त्यात थोडं तथ्य आहे.

त्या काय करत होत्या, ते सोप्या भाषेत सांगतो. काही वनस्पतींच्या पानांत असे घटक असतात की ते जंतूंना वाढू देत नाहीत. ते पानांतून बाहेर काढायचे तर पानांची भुकटी कशात तरी भिजवावी लागते. प्रयोगशाळेत आजवर त्यासाठी मेथॅनॉल आणि त्याच्याच जातकुळीतली द्रावणं वापरत आले. काम चटकन होतं, पण ही द्रावणं पेट घेतात, डोकं धरायला लावतात, आणि काम संपलं की बेसिनमधून पुढे कुठे जातात ते कुणी विचारत नाही. आपा विचारत. बेसिनपाशी उभ्या राहून त्या मुलींना सांगत की हे पाणी खाम नदीत जातं, आणि नदीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. त्यांची चांगल्या द्रावणाची व्याख्या अगदी घरगुती होती. ज्याला मुंग्या लागतात ते चांगलं. मेथॅनॉलच्या डब्याकडे मुंगी फिरकत नाही, ह्यातच काय ते आलं, असं त्यांचं म्हणणं. इतर प्रयोगशाळांत मुंग्या आल्या की खडूची रेघ ओढतात. आपांच्या टेबलावर मुंग्यांची रांग लागली की त्या सगळ्यांना बोलावून दाखवत, जणू बाहेरून तपासणी समिती येऊन शेरा देऊन गेली आहे.

आणि त्यांच्या द्रावणाला मुंग्या लागायच्याच, कारण तो पाक होता. साखर आणि लिंबाचं सत्त्व ठरलेल्या मापात घ्यायचं, किंचित पाणी घालायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. दोन कोरडे पदार्थ एकमेकांना धरून वितळतात आणि निवल्यावरही घट्ट न होता स्वच्छ, दाट रस म्हणून राहतात. ह्याला शास्त्रात लांबलचक इंग्रजी नाव आहे. आपा त्याला पाक म्हणत, आणि स्वयंपाकघरातली भाषा त्यांनी तशीच वर नेली होती. मुलींना त्या चमचा उचलून तार बघायला लावत. कृती लिहून दिली त्यातही 'एकतारी झाल्यावर उतरवावे' असं होतं. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख म्हणजे वयाने आपांपेक्षा लहान, स्वभावाने गरीब आणि नियमाला पक्के. त्यांनी 'एकतारी'खाली लाल रेघ ओढून विचारलं की हे एकक कुठल्या पुस्तकात आहे. आपा म्हणाल्या, तुमच्या घरी विचारा. क्रांती चौकाजवळच्या ज्या किराणा दुकानातून त्या साखर आणि लिंबाचं सत्त्व न्यायच्या, त्या दुकानदाराची तर खात्री होती की बाईंचा सरबताचा धंदा आहे. दर उन्हाळ्यात तो बाटलीमागे काय भाव लावता म्हणून चौकशी करायचा.

मी ह्या सगळ्याला एका हुशार बाईंचं वेड समजत होतो. ईदला त्यांच्या घरी गेलो तेव्हा समजलं की ते वेड नव्हतं. आपांनी स्वतः केलेला शीरखुर्मा वाट्यांतून आला. पहिला चमचा तोंडात गेला आणि दूध खाली लागलं होतं हे कळलं. थोडंथोडकं नाही, चांगलं करपलं होतं. आजूबाजूला बसलेले नातेवाईक काही न बोलता, सवयीने, खाली बघून खात होते. आपांनी मला विचारलं, कसा झालाय? मी छान म्हणालो आणि लगेच जीभ चावली. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"भैया, छान नका सांगू. दूध लागलंय का?"

मी म्हणालो, थोडं लागलंय, आपा. त्या हसल्या आणि म्हणाल्या की मला कळत नाही, कितीक वर्षं झाली. गोड, आंबट, कडू जिभेला समजतं, पण वास म्हणून काही येत नाही. फुलाचा नाही, सांडपाण्याचा नाही, करपलेल्याचाही नाही. पीएचडीची वर्षं एका बंद खोलीत उघड्या द्रावणांपुढे गेली आणि तेव्हाच वास हळूहळू गेला. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, त्यानेच गेला असं नक्की सांगता येत नाही. "मी पण नक्की म्हणत नाही," आपा म्हणाल्या. एवढं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तशा सुरात सांगितलं. मग उठून अलमारीतून एक लहानशी कुपी आणली. त्यांच्या वडिलांचं जुन्या शहरात अत्तराचं दुकान होतं. ते लेकीला डोळे मिटायला लावत, कापसाचा बोळा नाकाशी धरत आणि विचारत, कसा वास येतो? 'अच्छा' म्हटलं तर चालायचं नाही, फोड करून सांगावं लागे. सगळ्या भावंडांत आपांचं नाक तिखट होतं. दुकान तिनेच चालवायचं, असं अब्बांनी ठरवूनही टाकलं होतं. ते दुकान आता मोबाइलचं आहे. कुपी त्यांनी माझ्या हातात दिली आणि त्यांनी न विचारताच मी आतल्या अत्तराच्या वासाची जमेल तेवढी नीट फोड करून सांगितली. त्या दिवसापासून आपांपुढे मी 'छान' हा शब्द वापरला नाही.

त्यामुळे आपांना नेमकं काय हवं होतं, हे मला बहुधा इतरांपेक्षा आधी कळलं. नाव नको होतं, बढतीही नको होती. निवृत्त व्हायच्या आत प्रात्यक्षिकांच्या टेबलांवरून मेथॅनॉल उठवायचं होतं, म्हणजे मुलींना पानांचा अर्क पाकात काढता येईल. विभागप्रमुखांनी त्यांना शब्द दिला होता. कॉलेजच्या चर्चासत्रात दाखवा की तुमच्या पाकातला अर्क जंतूंवर मेथॅनॉलच्या अर्काइतकाच चालतो, पुढच्या वर्षीपासून सगळी टेबलं तुमची.

पानं निर्गुडीची घ्यायची असं आम्ही ठरवलं आणि ती आणायला आमच्या गावी गेलो. गाव सोयगावकडे आहे, अजिंठ्याचा घाट उतरून पुढे. नाल्याच्या काठाने निर्गुडी माजलेली असते. आईने आपांना चहा दिला, आपांनी आईच्या नाकाशी निर्गुडी धरली. आई म्हणाली, निर्गुडीचा वास निर्गुडीवानी, दुसरा कसा असंल? आपांनी पिच्छा सोडला नाही. तेव्हा आईने पान चुरगळून पुन्हा हुंगलं आणि म्हणाली, "पाय मुरगाळला की रातच्याला शेक घेतो ना, आन् दुखायचं थांबतं, तवा येतो तसा वास." परतीच्या रस्त्यावर त्यांनी मला सांगितलं की इतकं चांगलं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं, आणि वनस्पतिशास्त्राच्या लोकांनी ह्यातून काही शिकावं.

पुढचे काही महिने आपा हवेत होत्या. अर्कात बुडवलेली कागदाची बारीक टिकली जंतू वाढवलेल्या बशीत ठेवायची. अर्कात जोर असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत आणि स्वच्छ वर्तुळ दिसतं. आपांच्या निर्गुडीच्या पाकाचं वर्तुळ मेथॅनॉलच्या वर्तुळापेक्षाही मोठं यायचं. त्या बशी उजेडासमोर धरून मुलींना, मला, झाडूवाल्या मावशींना दाखवत. शेजारी तुलनेसाठी साध्या पाण्याची टिकली असे, तिच्याभोवती वर्तुळ नसे. आता पाण्याऐवजी नुसत्या पाकाची, पान न घातलेल्या पाकाची टिकली ठेवून एकदा बघायचं तेवढं राहिलं होतं. त्यासाठी त्यांनी कोऱ्या पाकाची बाटली भरली आणि तिच्यावर मराठीत ठळक लिहिलं, 'पाक'. त्यांच्या घरच्या उर्दूत पाक म्हणजे शुद्ध, ज्याच्यात काही मिसळलेलं नाही असं. म्हणजे एकाच शब्दात त्यांनी दोन्ही सांगितलं होतं, आणि ह्यावर त्या खूश होत्या.

नेमका तेव्हाच प्रयोगशाळेचा फ्रिज बंद पडला. आपांनी बाटल्या माझ्या घरी आणून ठेवल्या. बायको माहेरी गेली होती आणि आई गावाकडून राहायला आली होती. आईने फ्रिज उघडला, बाटलीवरचा शब्द वाचला आणि तिला तो एकाच भाषेत कळला. त्यानंतर फ्रिज दुरुस्त होऊन आपा बाटल्या न्यायला येईपर्यंत बरेच दिवस गेले. निर्गुडीच्या बाटल्या जागेवर होत्या. 'पाक'ची बाटली घासूनपुसून ओट्यावर पालथी घातलेली होती. आई अगदी सहज म्हणाली की आयता पाक दिसला म्हणून गुलाबजाम केले, पण तुमचा पाक लई आंबट, शेजारच्या पोराने तोंडच वाकडं केलं.

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. आपा मात्र इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. साखर किराण्याची, सत्त्व किराण्याचं, पाणी फिल्टरचं, तेव्हा कुणाला काही व्हायचा प्रश्न नव्हता. उरलेत का, म्हणून त्यांनीच विचारलं. आईने ओट्यावरचा डबा काढून बशीत एक गुलाबजाम घातला. आपांना आंबट प्रिय, त्यांनी तो आवडीने अर्धा खाल्ला. आई त्यांच्यासमोर बसून सांगत होती की अन्न टाकवत नाही, म्हणून ठेवलेत. एवढा उन्हाळा, कधीचे बाहेरच आहेत.

आपांचा घास थांबला. "मावशी, कधीचे?"

"लई दिस झाले. खव्याचं हाय, तिसऱ्या दिशी आंबायला पायजे. ह्यास्नी बुरशी नाय का वास नाय. मलाबी नवलच वाटलं."

आपांनी उरलेला अर्धा गुलाबजाम बशीत ठेवला. मला म्हणाल्या, "सर, ह्याच्यात निर्गुडी नव्हती." कॉलेजच्या बाहेर त्या मला कधी सर म्हणत नसत. मग मलाही उलगडलं. पान न घातलेल्या कोऱ्या पाकातच एवढा आंबटपणा होता की त्यात काही कुजत नव्हतं. मग आपांच्या बशीतलं ते मोठं, सुंदर वर्तुळ कुणाचं? निर्गुडीचं की लिंबाचं? आई आमच्या तोंडांकडे बघत होती. तिला वाटलं गुलाबजाम बाधला, आणि ती ओव्याचा डबा शोधायला उठली.

दुसऱ्याच दिवशी आपांनी नवा कोरा पाक केला आणि त्याची टिकली लावली. वर्तुळ आलं, निर्गुडीच्या पाकाइतकंच मोठं. चर्चासत्र तोंडावर होतं. विभागप्रमुख खरंच भले गृहस्थ, त्यांनी आपांना आणि मला बोलावून दार लोटलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले की हे आत्ता दाखवायलाच हवं का? पाण्याची टिकली आहेच. कोऱ्या पाकाचं कुणी विचारणार नाही. तुमचा हेतू चांगला आहे, मेथॅनॉल जातंय, मुलींचं भलं होतंय, बाकीचं मागून सावकाश करा. मला मनातून त्यांचं पटलं, हे इथे सांगून टाकतो. आपांच्या वाट्याला हे एवढं एक यावं, असं फार वाटत होतं मला. आपांनी सगळं ऐकून घेतलं, ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या:

"मी त्याला पाक म्हणते, सर. सगळ्यांपुढे म्हणते. मग त्याच्यात हे मिसळू कसं?"

चर्चासत्रात त्यांनी दोन्ही बशा दाखवल्या. म्हणाल्या, हे निर्गुडीचं वर्तुळ नाही, लिंबाचं आहे, इतके महिने मी लिंबाला निर्गुडी समजत होते, कोऱ्या पाकाची टिकली पहिल्याच दिवशी लावायला हवी होती, ती मी लावली नाही. गुलाबजामांचं श्रेय त्यांनी माझ्या आईला गावासकट दिलं. सभागृह हसलं. मागच्या रांगेत कुणीतरी पुढच्या वेळी जिलेबी करा म्हणालं, त्यावर आणखी हसले. आपाही हसल्या, आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसल्या. टेबलांचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

आपा रडत बसल्या नाहीत. त्यांनी लिंबाचं सत्त्व पाकातून काढून टाकलं आणि साखरेला ग्लिसरीनची जोड दिली. ह्या नव्या पाकात आंबटपणा नव्हता. तो पातळ करून कोरी टिकली लावली तर तिच्याभोवती जंतू खुशाल वाढले, आणि ते बघून टाळी वाजवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. निर्गुडीच्या टिकलीभोवती वर्तुळ आलं ते नखाच्या कडेएवढं. मेथॅनॉलच्या मानाने काहीच नव्हतं, पण पुन्हा पुन्हा केलं तरी येत राहिलं. विभागप्रमुखांनी बशी बराच वेळ न्याहाळली. सगळी टेबलं द्यायला हे पुरत नाही, ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण खिडकीजवळचं एक टेबल त्यांनी आपांना दिलं. वर प्रात्यक्षिकाच्या कागदावरची 'एकतारी'खालची लाल रेघ स्वतःच्या हाताने खोडली.

त्या टेबलावर आपांना एकच वर्ष मिळालं. गेल्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि भलामोठा गुलाबांचा गुच्छ मिळाला. तो त्यांनी सगळ्यांदेखत नाकाशी नेला, डोळे मिटले आणि मान डोलावली. टाळ्या पडल्या. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना. खाली उतरल्यावर त्यांनी गुच्छ माझ्या हातात दिला आणि हळूच विचारलं, आहे का काही ह्याला? मी खरं सांगितलं, की काही नाही आपा, दुकानातले गुलाब, नुसता पाण्याचा वास आहे. तेव्हा त्यांचं समाधान झालं.

बाकीच्या टेबलांवर मेथॅनॉल अजून आहे. खिडकीजवळच्या टेबलाला आपांचं टेबल म्हणतात आणि तिथे कोण बसणार यावरून मुलींत भांडणं होतात. परवा मी काही कामाने वर गेलो होतो. तिथल्या मुलीने पाकात निर्गुडी घालून आचेवर ठेवली होती, आणि खिडकीच्या चौकटीवरून मुंग्यांची एक सरळ रांग टेबलापर्यंत आली होती. मी तिथूनच आपांना फोन लावला आणि सांगितलं की मुंग्या आल्यात. पलीकडून हसू ऐकू आलं.

"आणि वास?" आपांनी विचारलं.

मी त्या मुलीला आच थोडी कमी करायला सांगितली, भांड्यावर वाकलो, डोळे मिटले, आणि आधी काय येतं आणि मागून काय येतं, ते त्यांना सांगू लागलो.